खोटी बातमी घरोघर पोचते, तिची दुरुस्ती का पोचत नाही?

मुक्ता_आ

खोट्या बातम्यांचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा "लोकांना अक्कल नाही, काहीही पुढे ढकलतात" इथे येऊन थांबते. मला हे उत्तर पटत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी एक घटना. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी आली अशी हूल उठली आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारलं. पाचही जण जिवानिशी गेले. मुलं पळवणाऱ्यांचे संदेश तेव्हा देशभर मोबाइलवर फिरत होते आणि इतर राज्यांतही अशाच हत्या झाल्या होत्या.

त्या काळात फिरलेली एक चित्रफीत बघा. गल्लीत मुलं खेळतायत. मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. चित्रफीत तिथेच संपते, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मुळात ती तिथे संपत नव्हती. कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेसाठी केलेली ती जनजागृतीची फिल्म होती. पुढच्या काही सेकंदांत तेच दोघं परत येतात, मुलाला सुखरूप उतरवतात आणि पालकांना सावध करणारा फलक धरतात. कुणीतरी हा शेवट कापला आणि "आपल्या भागात टोळी फिरते आहे" असा मजकूर जोडून दिला.

आता ती पुढे पाठवणाऱ्या एखाद्या आईचा विचार करा. तिला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. शेजारणींनी मुलांवर लक्ष ठेवावं एवढंच तिच्या मनात होतं. संदेशही तिला ओळखीच्या माणसाकडून आला होता. त्या माणसाला तो त्याच्या ओळखीच्याकडून आला होता. प्रत्येकाने पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवला, मूळ दावा करणारा कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. संदेश हातोहात जाताना स्थळ, काळ, कर्ता सगळं गळून पडतं. उरते फक्त भीती आणि आपल्या माणसाचं नाव.

दुरुस्तीचं नेमकं उलट होतं. ती पोलिसांच्या पानावर येते, तथ्यतपासणीच्या संकेतस्थळावर येते, वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते. त्या आईच्या गटात ती येतच नाही, कारण तिथे ती टाकणारं ओळखीचं माणूस नसतं. खोटी गोष्ट ज्या वाटेने आली त्याच वाटेने दुरुस्ती परत गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ते कसं साधायचं यावर बोलूया. बातमीदारीत काम केलेलं कुणी असेल तर वृत्तकक्षात हे कसं शिरतं तेही लिहा.

रोहन_के

चांगला विषय. थोडी आकडेवारी देतो.

मार्च २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या वोसुगी, रॉय आणि अराल या तिघांचा अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. त्या सुमारे ३० लाख लोकांनी ४५ लाखांहून अधिक वेळा पसरवल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. १५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या सुमारे सहापट वेळ लागला.

सगळे म्हणतात की हे बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, करतात. या अभ्यासात बॉट बाजूला काढले तरी फरक तसाच राहिला. बॉट खरं-खोटं दोन्ही सारख्याच वेगाने पसरवत होते, खोट्याला पुढे रेटणारी माणसंच होती. संशोधकांनी दिलेलं कारण नावीन्याचं आहे. खोटी बातमी ऐकलेल्यापेक्षा वेगळी असते, तिच्यावर येणाऱ्या प्रतिक्रियांत आश्चर्य आणि किळस जास्त दिसते.

एक सावधगिरी. तथ्यतपासणी संस्थांनी हाती घेतलेल्याच बातम्या त्यात होत्या आणि माध्यम एकच होतं. त्यामुळे "जगातलं सगळं खोटं सहापट वेगाने धावतं" असं जे सरसकट लिहिलं जातं ते या अभ्यासातून निघत नाही. खोट्यावरच्या संशोधनाबद्दलही असं ढिसाळ लिहिलं जावं याचं मला वाईट वाटतं.

जुना_डेस्कवाला

मुक्ताताई, वृत्तकक्षाचं विचारलंत म्हणून लिहितो. आयुष्याचा मोठा भाग डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादित करण्याच्या कामात गेला, आधी छापील, मग वाहिनी.

बाहेरून वाटतं की कुणीतरी बसून ठरवतं, आज खोटं दाखवू. क्वचित तसंही होत असेल. रोजचं चित्र वेगळं असतं. समोरच्या भिंतीवर स्पर्धक वाहिन्यांचे पडदे ओळीने लावलेले असतात. एका पडद्यावर खाली पट्टी येते. लगेच वरून प्रश्न येतो, "त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे का नाही?" डेस्कवरचा मुलगा बातमीदाराला फोन लावतो, तो प्रवासात असतो, "बघून सांगतो" म्हणतो. पण तेवढ्यात दुसऱ्या पडद्यावरही तीच पट्टी झळकते. आता दोन ठिकाणी आली, म्हणजे खरी असणार. मुलगा "सूत्रांची माहिती" असं लिहून पट्टी सोडतो. खरं तर दुसऱ्या वाहिनीने पहिलीचं पाहून सोडलेली असते आणि तिसरी आपली. तीन वाहिन्या, बातमीचं मूळ एकच, आणि ते मूळ कुणीच तपासलेलं नाही. कधी कधी ते मूळ म्हणजे मोबाइलवर आलेला निनावी संदेश असतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत 'नॅनो चिप' असल्याचं हेच झालं. आधी संदेश फिरले, मग काही वाहिन्यांनी त्यावर अख्खे कार्यक्रम केले. रिझर्व्ह बँकेने नोटेची जी वैशिष्ट्यं जाहीर केली होती त्यांत असलं काहीही नव्हतं. ती यादी कुणालाही वाचता येत होती. पण वाहिनीवर आल्यावर त्याच कार्यक्रमाचे तुकडे पुन्हा मोबाइलवर फिरू लागले, आणि आता त्यावर वाहिनीचं बोधचिन्ह होतं. अफवेला असं घरंदाज नाव मिळालं की तिला खोडणं दसपट अवघड होतं.

छापीलवाल्यांनीही फार मान वर करू नये. मार्च २००९ मध्ये संगीतकार मॉरिस जार वारले तेव्हा डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या विकिपीडिया पानावर स्वतः रचलेलं वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. वर्तमानपत्रं कितपत तपासतात हे त्याला पाहायचं होतं. विकिपीडियाच्या संपादकांनी आधार नाही म्हणून ते वाक्य काढून टाकलं. तोवर ते अनेक देशांतल्या वर्तमानपत्रांच्या मृत्युलेखांत गेलं होतं, नामांकित 'गार्डियन'मध्येही. महिना लोटला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी त्यानेच पत्रं लिहून कळवलं, तेव्हा दुरुस्त्या आल्या.

दुरुस्तीबद्दल एवढंच सांगतो की मथळ्याला मिळालेली जागा दुरुस्तीला कधी मिळत नाही. वाहिनीवर तर पट्टी गुपचूप काढून टाकतात. काढली की सुधारली, असं धरून चालतात. ज्याने ती पाहून घरी सांगितली त्याला ती काढल्याचं कळायचं कसं?

निशिगंधा_स

सगळे भाबडेपणानेच करतात असा सूर लागतोय, तो मला मान्य नाही. यात पैसा आहे, आणि पुष्कळ आहे.

२०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी मॅसिडोनियातल्या वेलेस नावाच्या छोट्या शहरातून शंभराहून अधिक राजकीय संकेतस्थळं चालत होती. चालवणारे बहुतांशी तरुण, काही तर शाळकरी वयाचे. त्यांना अमेरिकेच्या राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. कुठल्या मथळ्यावर लोक टिचकी मारतात हे त्यांना कळलं होतं आणि जाहिरातींचे पैसे टिचकीमागे मिळत होते.

समाजमाध्यमांच्या मंचांचंही तसंच. फेसबुकने २०१७ पासून भावचिन्हांना साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन दिलं. त्यात रागाचं चिन्हही आलं. म्हणजे जी नोंद लोकांना भडकवेल ती वर. अशा नोंदींत खोटेपणा जास्त असतो हे त्यांच्याच संशोधकांनी आत सांगितलं होतं. २०२० मध्ये रागाच्या चिन्हाचं वजन शून्यावर आणलं गेलं आणि २०२१ मध्ये अंतर्गत कागदपत्रं बाहेर आल्यावर जगाला हे कळलं. तीन वर्षं रागाला बढती मिळत होती, आणि आपण मात्र "काकूंनी का पाठवलं" यावर भांडत होतो.

म्हणून मला वाटतं, वाचकाला शिकवण्यावर सगळा भर देणं म्हणजे ज्यांनी कमावलं त्यांना मोकळं सोडणं आहे.

मुक्ता_आ

निशिगंधा, मुद्दा मान्य. कमावणाऱ्यांना सोडावं असं मी म्हणत नाहीये. पण वेलेसमधला मुलगा फक्त पहिली ठिणगी टाकतो. पुढे ती पसरते ती विश्वासाच्या नात्यांवरून. ती नाती आपली आहेत, तिथे तरी आपला हात पोचतो.

डेस्कवाले दादा, "काढली की सुधारली" हे वाचून राग आला. म्हणजे चूक झाल्याची खूणही उरत नाही.

डॉ_सुजाता

वैद्यकीय बाजूने लिहिते. इथे दुरुस्ती उशिरा आली की माणसं मरतात.

१९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध छापला. फक्त १२ मुलं, आणि त्यावरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी (स्वमग्नतेशी) संबंध सुचवला होता. निबंध मागे घेतला गेला २०१० मध्ये, त्याच वर्षी वेकफील्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढलं. मधली बारा वर्षं वर्तमानपत्रं आणि वाहिन्या "दोन्ही बाजू" दाखवत राहिल्या. एका बाजूला लाखो मुलांवरचे अभ्यास, दुसऱ्या बाजूला हा एक निबंध, आणि पडद्यावर दोघांना सारखीच खुर्ची. लसीकरण घसरलं, गोवर परत आला. आजही लसीला आलेली आई "पण तो ऑटिझम..." असं विचारते. तिला वेकफील्ड हे नाव माहीत नसतं, शंका तेवढी माहीत असते.

२०२० मध्ये इराणमध्ये दारू प्यायल्याने करोना होत नाही या अफवेपायी शेकडो लोक मिथेनॉल हा विषारी मद्यार्क पिऊन मेले. जागतिक आरोग्य संघटनेने तर त्या फेब्रुवारीतच खोट्या माहितीच्या साथीचा इशारा दिला होता.

आता मुक्ताने विचारलेलं. नुसतं "ते खोटं आहे" म्हणून का भागत नाही? १९९४ चा जॉन्सन आणि सायफर्ट यांचा एक प्रयोग आहे. लोकांना एका गोदामाच्या आगीची हकीकत वाचायला दिली. आधी म्हटलं, कपाटात रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. नंतर सांगितलं, चूक झाली, कपाट रिकामं होतं. लोकांनी दुरुस्ती वाचली, त्यांच्या लक्षातही राहिली. तरी "धूर इतका काळा का होता?" असं विचारल्यावर ते रंगाच्या डब्यांकडेच वळले. आगीचं दुसरं कारण सांगितलं, कुणीतरी मुद्दाम लावल्याचं, तेव्हा कुठे डब्यांवरचा भर ओसरला.

मी दवाखान्यात हेच करते. "लसीने ऑटिझम होत नाही" एवढंच म्हटलं तर आईच्या मनात भोक राहतं: मग माझ्या नात्यातल्या मुलाला लसीनंतर कसा झाला? त्याचं उत्तर द्यावं लागतं. ऑटिझमची लक्षणं ज्या वयात पालकांच्या ध्यानात येऊ लागतात, साधारण त्याच वयात ही लस दिली जाते. दोन्ही गोष्टी जवळजवळ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं वाटतं. हे ऐकल्यावर आईचा चेहरा बदलतो, कारण तिने जे पाहिलं ते मी नाकारलेलं नसतं.

विनायक_प

डॉक्टर, छान लिहिलंत. पण मी ऐकलंय की लोकांना चूक दाखवली की ते ती आणखी घट्ट धरून बसतात. मग दुरुस्तीचा आग्रह कशाला? सरळ कायदा कडक करा, एक-दोघांना आत टाका, बाकीचे आपोआप सुधारतील.

रोहन_के

विनायकराव, "आणखी घट्ट धरतात" हा निष्कर्ष २०१० च्या एका गाजलेल्या प्रयोगातून आला. पुढे वूड आणि पोर्टर यांनी ५० हून अधिक विषयांवर हजारो लोकांना घेऊन तेच तपासलं, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. उलटा परिणाम त्यांना जवळपास कुठेच सापडला नाही. दुरुस्तीने लोकांची माहिती सुधारते. राजकीय पसंती मात्र त्याने बदलेलच असं नाही, ती वेगळी गोष्ट. "सांगून काही उपयोग नाही" हीच एक पसरलेली चुकीची समजूत आहे आणि ती फार नुकसान करते, कारण तिच्यामुळे जाणती माणसं गप्प बसतात.

कायद्याचं म्हणाल तर तो आहेच. अफवा पसरवून लोकांत भीती किंवा वैर निर्माण करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली शिक्षा आहे. पण खरं-खोटं ठरवायचं कुणी, इथे अडतं. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये नियम बदलून, सरकारी कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर खोटा हे ठरवायचा अधिकार सरकारच्याच कक्षाला दिला होता. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली, तिसऱ्या न्यायमूर्तींकडे प्रकरण गेलं आणि त्या सप्टेंबरमध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरली. मला तो निकाल योग्य वाटतो. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यानेच ती खोटी ठरवायची, हे कुठल्याही पक्षाच्या सरकारला देऊ नये.

विनायक_प

अभ्यासाचं मान्य, तो माहीत नव्हता. कायद्याबद्दल माझं मत कायम आहे. राईनपाड्यासारखं घडल्यावर मूळ संदेश बनवणारा सापडत नाही, हे मला सहन होत नाही.

केतकी_म

मी छायाचित्रं आणि चित्रफिती तपासण्याचं काम करते. मुक्ताने सांगितलेल्या चित्रफितीवरून, आम्ही काय करतो ते लिहिते. यातलं बरंचसं कुणालाही घरी करता येतं.

आधी आवाज बंद करून बघायचं. आवाजाने मन आधीच एका बाजूला झुकतं, आणि तो नंतर चिकटवलेलाही असू शकतो. मग दोन-तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट काढायचे आणि गूगल लेन्स किंवा टिनआय अशा, चित्रावरून त्याचं मूळ शोधणाऱ्या साधनांवर टाकायचे. अगदी पहिली चौकट घेऊ नका, जिथे पाटी, वाहन किंवा इमारत स्वच्छ दिसते ती घ्या. दुकानाच्या पाटीवरची लिपी, वाहनाच्या क्रमांकपट्टीची धाटणी, गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालली आहे, सावल्या किती लांब आहेत, लोकांनी थंडीचे कपडे घातलेत का. आठवड्यापूर्वीची म्हणून आलेली चित्रफीत पाच वर्षं जुनी आणि भलत्याच देशातली निघते, हा आमचा नेहमीचा अनुभव. बहुतेक खोट्याला कृत्रिम बुद्धिमत्ता लागतच नाही. जुनं खरं छायाचित्र आणि नवी खोटी ओळ एवढ्यावर काम भागतं.

कृत्रिम चित्रं वाढली आहेत हेही खरं. २२ मे २०२३ रोजी पेंटागॉनजवळ, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ, स्फोट झाल्याचं एक चित्र ट्विटरवरच्या निळी खूण असलेल्या खात्यांवरून फिरलं, काही वाहिन्यांवरही गेलं, अमेरिकी शेअर बाजार थोडा वेळ घसरला. तिथल्या अग्निशमन विभागाने काही मिनिटांत खुलासा केला. चित्र मोठं करून पाहिलं तर कुंपणाचे गज एकमेकांत विरघळलेले दिसत होते. पण माझा भरवसा गजांवर नाही, चित्रं सुधारत जाणार. भरवसा यावर की एवढा स्फोट झाला असता तर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कोनांतून तो टिपला असता. एकच चित्र, एकच कोन, दुसरा साक्षीदार नाही, म्हणजे थांबा.

प्रसाद_जो

हे सगळं वाचलं. माझी अडचण साधी आहे. घरच्या गटात माझे मोठे काका रोज काहीतरी पाठवतात. सगळ्यांसमोर खोडलं तर त्यांचा अपमान होतो, नाही खोडलं तर बाकी सगळे खरं धरतात. काय करू?

डॉ_सुजाता

आधी त्यांना फोन करा. "काका, तुम्ही पाठवलेलं वाचलं, मलाही धक्का बसला, म्हणून शोधलं तर हे मिळालं" असं सांगा. गटात तुम्ही लिहू नका, त्यांनाच लिहू द्या. गटाचा विश्वास त्यांच्यावर आहे, त्यांच्या नावाने गेलेली दुरुस्ती सगळे वाचतील. आणि त्यात नुसतं "आधीचा संदेश चुकीचा होता" असं नको, खरं काय आहे ते पहिल्या ओळीत हवं.

मुक्ता_आ

अगदी हेच. शिवाय दुवा एकटा टाकू नका, दोन ओळींत मजकूर लिहा. २०१६ च्या एका अभ्यासात ट्विटरवर पाठवलेल्या दुव्यांपैकी ५९ टक्के कुणी उघडलेच नव्हते. कराचीच्या त्या फिल्मसारखं काही असेल तर शेवट न कापलेली मूळ चित्रफीतच पाठवा, डोळ्यांनी पाहिलं की वाद उरत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली, एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. थोडा अडथळा आला तरी फरक पडतो. पण फार फिरलेल्या संदेशावर दिसणारी दुहेरी बाणाची खूण नवीन पाठवणाऱ्याने मजकूर नक्कल करून चिकटवला की नाहीशी होते, त्यामुळे खूण नाही म्हणजे खरं, असं काकांना वाटू देऊ नका.

डेस्कवाले दादा, एक विचारते. संकेतस्थळावरच्या बातमीत चूक निघाली तर ती काढून टाकण्याऐवजी काय करता येतं?

जुना_डेस्कवाला

दुवा तोच ठेवायचा. मथळा बदलायचा, वर ठळक अक्षरांत दुरुस्तीची तारीख आणि आधी काय चुकलं होतं ते लिहायचं. मग ज्यांनी तो दुवा आधी पाठवला आहे त्यांच्या गटात कुणी तो उघडला तर दुरुस्त मजकूरच दिसतो. पान उडवलं तर फक्त "पान सापडत नाही" असं येतं आणि लोक म्हणतात, बघा, दाबली बातमी. मी डेस्कवर असताना यासाठी भांडलो होतो, काही ठिकाणी ऐकलं गेलं. वाहिनीवर पट्टी जितका वेळ चालली तितकाच वेळ दुरुस्तीची पट्टी चालवावी, हे मात्र कुठेच मान्य झालं नाही. त्यासाठी प्रेक्षकांनी वाहिनीकडे लेखी तक्रार करायला हवी. ती करताना कार्यक्रमाची तारीख आणि वेळ न विसरता द्या, त्याशिवाय कुणी शोधत बसत नाही.

स्क्रीनशॉटवर मात्र यातलं काहीच चालत नाही. तो ज्या गटात आलाय तिथल्याच कुणीतरी लिहायला हवं.